संक्रांतीचा पालटता अर्थ



पौषांतील कडाक्याची थंडी, परड्यांत वाळत घातलेले तीळ आणि गुऱ्हाळावरून आलेली नव्या गुळाची ढेप एवढें म्हटलें कीं, आपणांपैकीं प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें संक्रांत उभी राहते. परंतु हा एकच शब्द आपण दोन अगदीं उलट अर्थांनीं वापरतों, हें कधीं आपल्या ध्यानांत आलें आहे काय? "उद्यां संक्रांत, तिळगूळ घ्यायला या," असें आपण शेजाऱ्यास आनंदानें सांगतों. आणि "त्या बिचाऱ्याच्या नोकरीवर संक्रांत आली," असें खेदानें म्हणणारेही आपणच. दिवाळी कोणावर कोसळत नाहीं, दसरा कोणावर ओढवत नाहीं. संक्रांत तेवढी घरींही येते आणि मानेवरही येते. जो सण गोड बोलण्याचा, त्याच्याच नांवानें अरिष्ट ओळखलें जावें, हें कसें घडलें असेल?

मीं बरींच वर्षें शाळेंत इतिहास शिकविला. सणांचा इतिहास क्रमिक पुस्तकांत नसतो. तो आजीच्या सांगण्यांत, पंचांगाच्या कोपऱ्यांत आणि बोलण्यांतल्या वाक्प्रचारांत विखुरलेला असतो. तेथून गोळा करून तो आज मी आपणांपुढें ठेवणार आहें. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, संक्रांत ह्या सणाचें मूळचें निमित्त त्याच्यापासून केव्हांच दूर सरलें. तरी सण राहिला, कारण प्रत्येक पिढीनें त्यांत आपला अर्थ भरला. आणि ज्या अर्थी अर्थ भरणारे आपण आहोंत, त्या अर्थी तो कसा असावा ह्याची जबाबदारीही आपलीच आहे.

प्रथम सूर्याची गोष्ट. संक्रमण म्हणजे एका राशींतून दुसऱ्या राशींत जाणें. अशा संक्रांती वर्षांत बारा होतात; पण सण झाला तो मकरसंक्रांतीचाच, कारण त्या दिवशीं उत्तरायण सुरू होतें अशी समजूत आहे. दक्षिणेकडे ढळत गेलेला सूर्य माघारीं वळतो, दिवस वाढूं लागतो, थंडी ओसरण्याची आशा वाटते. शरपंजरीं पडलेले भीष्म ह्या उत्तरायणाचीच वाट पाहत राहिले, असें महाभारत सांगतें. ज्या समाजाचें पीक, गुरेंढोरें आणि प्राण सूर्यावर अवलंबून होते, त्यानें त्या वळणाचा उत्सव करावा हें स्वाभाविकच होय.

पण सूर्य खरोखर १४ जानेवारीस वळतो काय? ह्याचें उत्तर शोधण्यास कोल्हापूरकरांना वेधशाळेंत जावें लागत नाहीं. अंबाबाईच्या देवळांत जावें म्हणजे झालें. देवीचें देऊळ पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी ह्या तारखांना मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून थेट गाभाऱ्यांत शिरून देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोंचतात. ह्यालाच आपण किरणोत्सव म्हणतों. वर्षांतून दोनदां असें कां घडतें? दक्षिणेकडे जातांना सूर्य क्षितिजावर ज्या ठिकाणीं मावळतो, परततांना त्याच ठिकाणीं तो पुन्हा मावळतो म्हणून. तेव्हां ह्या दोन तारखांच्या बरोबर मधला दिवस तोच वळणाचा दिवस असला पाहिजे. आतां साधा त्रैराशिकाएवढाही हिशेब नको. १० नोव्हेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ८३ दिवस होतात. त्यांचे निम्मे साडेएकेचाळीस. १० नोव्हेंबरच्या पुढें तितके दिवस मोजले म्हणजे आपण येतों २१-२२ डिसेंबरला. १४ जानेवारीला नव्हे. ज्या शिल्पकारांनीं हें देऊळ बांधलें, त्यांच्या दगडांनीं दिलेली ही साक्ष आहे.

मग संक्रांत मागें कां राहिली? आपलीं पंचांगें राशी मोजतात त्या ताऱ्यांच्या आधारानें. आणि ऋतु मात्र चालतात ते सूर्याच्या अयनाप्रमाणें. पृथ्वीचा आंस भोवऱ्यासारखा अतिशय मंद गतीनें फिरत असल्यामुळें ह्या दोन मोजण्यांत सुमारें ७२ वर्षांनीं एका दिवसाचें अंतर पडतें. ह्यासच अयनचलन म्हणतात. इसवी सनाच्या तिसऱ्या ते पांचव्या शतकांच्या सुमारास मकरसंक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ हीं दोन्ही जवळजवळ एकाच वेळीं येत असत. त्यानंतर संक्रांत दर पिढीला किंचित् पुढें सरकत गेली, आणि आज त्या दोहोंमध्यें तीन आठवड्यांहून अधिक अंतर आहे.

ही सरक आपल्या परिचयाच्या तारखांतही दिसते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशींचा. ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. आमच्या लहानपणीं संक्रांत म्हणजे १४ जानेवारी हें समीकरण पक्कें होतें. २०२४ सालीं ती १५ जानेवारीस आली. लोकमान्य टिळकांच्या पुरस्कारानें जें पंचांग पुढें आलें, त्याची राशिगणना निराळी असल्यामुळें तें मानणारीं घरें आजही १० जानेवारीस संक्रांत करितात. पुढें स्वतंत्र भारत सरकारनें राष्ट्रीय पंचांग तयार करविलें. तें २२ मार्च १९५७ पासून चालू झालें आणि त्यांत पौष महिना २२ डिसेंबरला, म्हणजे खऱ्या उत्तरायणाबरोबर, सुरू होतो. तरी त्या दिवशीं तिळगूळ देणारें एकही घर माझ्या पाहण्यांत नाहीं.

ही गोष्ट केवळ आपलीच आहे असें मात्र समजूं नये. गोव्यांतील आपले ख्रिस्ती बांधव २५ डिसेंबरला नाताळ करितात. प्राचीन रोमच्या पंचांगांत सूर्य वळण्याचा दिवस म्हणून २५ डिसेंबर हाच गणला जाई. ख्रिस्तजन्माचा उत्सव त्या तारखेस होऊं लागल्याची नोंद रोम शहरांत चौथ्या शतकांत मिळते. तेथेंही सूर्य दोनचार दिवसांनीं निसटला, पण सण जागच्या जागीं राहिला. नाताळचें ताट शेजारच्या हिंदु घरीं पाठविणाऱ्या गोवेकर माउलीला त्याची क्षिति वाटत नाहीं, आणि वाटण्याचें कारणही नाहीं. सण एकदां लोकांचा झाला म्हणजे तो सूर्याचा राहत नाहीं.

आतां दुसरा अर्थ, संकटाचा. "संक्रांत कोसळली" हा वाक्प्रचार पानिपतामुळें रूढ झाला, असें पुष्कळ लोक सांगतात. पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले, एक संपूर्ण पिढी गारद झाली, महाराष्ट्रांत घरोघर आकांत झाला. आणि तो दिवस संक्रांतीचा होता, म्हणून संक्रांत म्हणजे सर्वनाश. ऐकावयास हें अगदीं पटण्यासारखें आहे, आणि मीं स्वतः कित्येक वर्षें वर्गांत तें तसेंच सांगितलें, हें आज मला कबूल केलें पाहिजे. पण आतांच पाहिलेला हिशेब येथें लावा. १८६३ सालीं संक्रांत १२ जानेवारीस होती, तर त्याच्या १०२ वर्षें आधीं ती त्याहून अलीकडे यावयास हवी. हिशेब केला तर ती १७६१ सालीं १० जानेवारीच्या आगेंमागें पडते. म्हणजे लढाई झाली तेव्हां संक्रांत होऊन चारेक दिवस लोटले होते. उपासमारीनें गांजलेल्या त्या छावणींत कोणाला तिळगुळाची आठवण झाली असेल, तर ती त्यापूर्वींच.

मग संक्रांतीला हा वाईट अर्थ कोठून चिकटला? तो पंचांगांतच आहे. जुन्या पंचांगांत संक्रांत ही एक देवता मानून तिचें वर्णन दिलेलें असतें. तिनें संकरासुराला मारिलें आणि दुसऱ्या दिवशीं किंकरासुराला, अशी कथा. म्हणून दुसरा दिवस किंक्रांत, आणि तो करिदिन. दरवर्षीं ती कोणत्या वाहनावर बसून येते, वस्त्र कोणत्या रंगाचें नेसते, हातांत कोणतें शस्त्र धरिते, कोणत्या दिशेकडे जाते व कोणीकडे पाहते, हें सारें सांगितलेलें असतें. तिनें जें अंगावर घेतलें तें महागतें, ती जिकडे पाहते तिकडे पीडा होते, असा समज. भटजी पंचांग वाचूं लागले कीं, "यंदा संक्रांत कशावर आहे?" असा प्रश्न बायका काळजीनें विचारीत. कोणावर संक्रांत येणें ह्या बोलण्याचा उगम ह्या प्रश्नांतच दिसतो. त्यासाठीं पानिपतापर्यंत जाण्याची जरुरी नाहीं.

तथापि लोकांनीं ही चूक कां केली, हें समजून घेण्याजोगें आहे. विसाव्या शतकांत संक्रांत बहुधा १४ जानेवारीसच येऊं लागली. पानिपतची तारीखही तीच. दोन्ही तारखा एकमेकींवर बसल्या आणि जुना वाक्प्रचार व जुनें दुःख ह्यांची गांठ पडली. तारखेच्या दृष्टीनें तें चुकीचें असलें, तरी एवढ्या मोठ्या शोकाला बसावयास एखादा दिवस हवा होता, तो लोकमनानें शोधून काढला. अर्थ असा बदलतो. कोणी सभा भरवून ठराव करीत नाहीं.

तिसरा अर्थ तिळाचा आणि गुळाचा. थंडींत अंगाला स्निग्ध व उष्ण पदार्थ हवेत, म्हणून तीळ आणि गूळ. भोगीच्या दिवशीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि वांगीं, गाजर, पावटा, हरभरा ह्यांची मिसळीची भाजी. सुगडांत घालावयाचें तें काय? उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बोरें, गव्हाच्या ओंब्या. म्हणजे शेतांत त्या वेळीं जें जें असेल तें तें. पीक हातीं येण्याच्या सुमारास त्यांतला वाटा दुसऱ्याच्या ओंजळींत घालावा, हा ह्या वाणाचा मूळ भाव. आमच्या कोल्हापुरास तर गूळ हा केवळ खाऊ नव्हे, तो पोटाचा व्यवसाय. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठीं. पंचगंगेच्या कांठचा ऊस, हिवाळ्यांत रात्रंदिवस पेटलेलीं गुऱ्हाळें, कायलींतून उठणारा तो गोड वास, हें ज्यानें अनुभविलें त्याला संक्रांत कधीं येते तें पंचांगांत पाहावें लागत नसे. त्याच कोल्हापुरी गुळाला २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

पुढें घरें शहरांत आलीं आणि शेत दूर राहिलें. तीळगूळ राहिला, पण त्यांतलें पीक गेलें व बोलणें आलें. "तिळगूळ घ्या, गोड बोला" हें वाक्य सणाचें सार झालें. वर्षभर ज्याच्याशीं अबोला होता, त्याच्या दारांत जाण्यास एक सबब मिळाली. मुलें शाळेंत गुरुजींना तिळगूळ देऊन वांकूं लागलीं. परगांवच्या आप्तांना हलव्याची पुडी पाकिटांत घालून टपालानें जाऊं लागली. शेतकऱ्याचा सण शेजाऱ्याचा झाला. हा बदल मला तरी उणा वाटत नाहीं.

परंतु शेजारी म्हणजे कोण? येथेंच खरा प्रश्न सुरू होतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होतें. इतर वेळीं अशुभ मानलेली काळी चंद्रकळा ह्या एका सणाला शुभ ठरते, नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालितात, लहानग्यांचें बोरन्हाण होतें, सुवासिनी वाण लुटितात. ज्या काळीं बाईमाणसाला घराबाहेर पडण्यास कारण लागे, त्या काळीं हे पंधरावीस दिवस म्हणजे तिच्या हक्काची मोकळीक होती. ह्या प्रथेचा हा उपकार विसरतां येणार नाहीं. पण ज्या जाजमावर ही बैठक भरे, त्या जाजमाला कांठ होते. जातीबाहेरची बाई त्यावर येत नसे, आणि जातींतली असूनही विधवा येत नसे.

पहिला कांठ उलगडण्याचा एक प्रयत्न फार पूर्वीं झाला. १८५२ च्या जानेवारींत पुण्यास सावित्रीबाई फुले ह्यांनीं महिला सेवा मंडळाच्या वतीनें तिळगुळाचा समारंभ केला. पुण्याच्या कलेक्टरांच्या पत्नी जोन्सबाई ह्यांचें अध्यक्षस्थान होतें. कोणत्याही जातीच्या स्त्रियांनीं यावें, सर्वांना एकाच जाजमावर बसवून हळदीकुंकू व तिळगूळ देण्यांत येईल, असें निमंत्रणांतच स्पष्ट केलें होतें. विचार करा, त्या वेळीं रेल्वेसुद्धां सुरू झाली नव्हती. सावित्रीबाईंनीं नवा सण काढला नाहीं, जुना मोडला नाहीं. तोच तिळगूळ, तेंच कुंकू घेतलें आणि फक्त जाजम मोठें केलें.

दुसरा कांठ अधिक चिवट निघाला. कोल्हापूर संस्थानांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं विधवाविवाहाचा कायदा केला. पुढल्याच वर्षीं त्यांचे धाकटे चिरंजीव राजकुमार शिवाजी मृत्यु पावले, आणि कोवळ्या वयाची सून इंदुमतीदेवी विधवा झाली. महाराजांनीं राजवाड्यांतला विरोध बाजूस सारून सोनतळीस तिच्या शिक्षणाची सोय केली. ज्यानें लोकांसाठीं कायदा केला, त्यानें आपल्या घरांतही तोच नियम पाळला. परंतु कायदा लग्नास परवानगी देऊं शकतो, हळदीकुंकवाचें बोलावणें देऊं शकत नाहीं. तें काम घरांतल्या माणसांचें.

ह्याची मला लहानपणापासूनच ओळख आहे. माझे वडील मी सात वर्षांचा असतांना वारले. त्यानंतर दर संक्रांतीला आई पहाटे उठून तीळ भाजी, पाकाची गोळी पाण्यांत टाकून पाही, आणि भाजतात तसल्या गरम मिश्रणाचे लाडू भराभर वळी. संध्याकाळीं बायका जमल्या कीं ती स्वयंपाकघराचें दार लोटून घेई. लाडूंचा डबा बाहेर मी नेत असें. "तूं कां येत नाहींस?" असें मीं एकदां विचारलें, तेव्हां तिनें माझ्या हातांत आणखी एक लाडू ठेविला, एवढेंच.

एवढें पाहूनही मी शहाणा झालों नाहीं, हें सांगण्यास आज संकोच वाटतो. माझा धाकटा भाऊ अकालीं गेल्यावर माझ्याच घरीं माझी भावजय त्याच दाराआड बसूं लागली. मी दिवसां वर्गांत शाहू महाराजांचा कायदा शिकवी आणि संध्याकाळीं तें बंद दार पाही. कोणी तिला मनाई केली नव्हती; कोणी बोलाविलेंही नव्हतें. आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांत रूढि अशीच जगते. कोणी आज्ञा करीत नाहीं, सगळे गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्यालाच आपण रीत म्हणतों.

मे २०२२ मध्यें, शाहू महाराजांच्या निधनास शंभर वर्षें होत असतां, आपल्याच जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गांवानें ग्रामसभेंत ठराव केला : पति वारल्यावर स्त्रीचें कुंकू पुसावयाचें नाहीं, बांगड्या फोडावयाच्या नाहींत, मंगळसूत्र व जोडवीं काढावयाचीं नाहींत. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें सर्व ग्रामपंचायतींनीं हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलें. शहरांतल्या पदवीधरांना जें सुचलें नाहीं, तें एका खेड्याच्या चावडीवर सुचलें.

पुढील संक्रांतीला माझ्या पत्नीनें स्वयंपाकघरांत जाऊन भावजयीचा हात धरला आणि तिला बाहेर आणून सर्वांमध्यें बसविलें. तिनें कुंकू लावून घेतलें नाहीं, नको म्हणाली. कोणीं आग्रह केला नाहीं. तिनें तिळगूळ घेतला, वाण घेतलें, आणि बराच वेळ बोलत बसली. आलेल्या बायकांपैकीं दोघी लौकर उठून गेल्या, हेंही सांगितलें पाहिजे. त्यांच्यावर माझा राग नाहीं. मीही कित्येक वर्षें त्यांच्यासारखाच होतों.

कोणी म्हणेल, हळदीकुंकू हें सौभाग्याचें व्रत आहे, त्याचा अर्थ आपल्या सोयीनें बदलण्याचा आपणांस काय अधिकार? मी नम्रपणें एवढेंच विचारीन कीं, न बदललेला अर्थ कोणता तो दाखवा. सूर्याचें वळण डिसेंबरांत राहिलें. पानिपतचें दुःख मागाहून येऊन बसलें. शेतांतलें वाण बाजारांतलें झालें. सण मात्र राहिला, कारण दर पिढीनें तो आपल्या हातानें पुढच्या पिढीच्या हातांत ठेविला. तो कोणाच्या हातांत ठेवावयाचा आणि कोणाच्या नाहीं, हें आकाशांतल्या राशींनीं ठरविलेलें नाहीं; तें आपण ठरविलेलें आहे.

श्रोतेहो, यंदाच्या संक्रांतीस आपल्या घरीं बायका जमतील, तेव्हां एकदां स्वयंपाकघराकडे नजर टाका. तेथें कोणी लाडू वळीत बसलें असेल, तर पहिला तिळगूळ तिच्या हातावर ठेवा, आणि मग बाहेर या.